घरातील प्रत्येक लेकराचे नाव कार्डात आहे का?



सोयाबीनची पेरणी आटोपली की आपण पीक विम्याच्या मागे लागतो. खरिपाला शंभर रुपयांच्या विम्यामागे जास्तीत जास्त दोन रुपये हप्ता आपल्या वाट्याला येतो. कागद जमवायला दोन दिवस मोडतात, तरी आपण ते करतो. पाऊस आपल्या हातचा नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

मुलांचे आजारपणही आपल्या हातचे नाही. लहान मुलाच्या छातीत कफ भरला आणि त्याला चार दिवस इस्पितळात ठेवावे लागले, तर हातातला पैसा संपतो. मग म्हैस विकावी लागते, नाहीतर व्याजाने पैसे काढावे लागतात. मूल बरे होऊन घरी येते, पण कर्ज घरातच राहते. सरकारी आरोग्य विमा यासाठीच आहे. त्यातून मुलांना काय मिळते, काय मिळत नाही आणि आपण काय करायचे, हे आज पाहू.

प्रथम थोडा मागचा इतिहास. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना निघाली. ३० रुपये नोंदणी शुल्क भरून वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळे. पण एका कार्डावर माणसे पाचच. समजा घरात नवरा-बायको, चार मुले आणि म्हातारी आई आहे. माणसे झाली सात. मग कोणती दोन नावे गाळायची? कोणत्या आईला हा हिशेब सुचेल?

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि ही अट गेली. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ही रक्कम सर्वांना मिळून आहे. घरात माणसे कितीही असोत, मूल एक दिवसाचे असो की पंधरा वर्षांचे. मुलगी म्हणून तिला मागे ठेवण्याचे काही कारण उरलेले नाही. आजार जुना असला तरी तो पहिल्या दिवसापासून धरला जातो. हप्ता सरकार भरते. आपल्या मध्य प्रदेशात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतील कुटुंबे, धान्याची पात्रता पर्ची असलेली कुटुंबे आणि संबल योजनेत नोंदलेले मजूर यांना ती लागू आहे.

आता नीट लक्ष द्या, कारण गैरसमज येथेच होतो. हे कार्ड इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. तापाची गोळी, खोकल्याचे औषध, डॉक्टरांची रोजची फी यासाठी ते चालत नाही. न्यूमोनिया, भाजणे, हाड मोडणे, अपुऱ्या दिवसांचे बाळ, हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग अशा मोठ्या दुखण्यांत ते कामी येते. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी आल्यानंतरच्या १५ दिवसांचा तपासणी व औषधांचा खर्चही त्यात धरलेला आहे. मात्र इस्पितळ योजनेच्या यादीतील हवे, आणि उपचारही ठरलेल्या यादीत हवा. म्हणून दाखल होतानाच ‘आयुष्मान मित्र’ कोठे बसतो हे विचारा आणि कार्ड त्याच्यापुढे ठेवा. आधी पैसे भरून मागाहून कार्ड काढले, तर भरलेले पैसे परत मिळवणे कठीण. इस्पितळ यादीत आहे की नाही, हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. तक्रारही तेथेच नोंदवावी. खानदेशात मामाच्या गावी गेलेले मूल तिकडे आजारी पडले, तरी तेथील यादीतल्या इस्पितळात हेच कार्ड चालते.

आपल्यापैकी कित्येकांची मुले शेती सांभाळून पीथमपूर, देवास किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांत जातात. ज्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय आहे. १२,००० रुपये पगारातून कामगाराचे ९० रुपये कापले जातात आणि मालक ३९० रुपये भरतो. या विम्यात बायको-मुलांना दवाखान्यातील साधी तपासणी आणि औषधेही मिळतात. दाखल होण्याची अट नाही. इंदूरला नंदानगरात ईएसआयचे इस्पितळ आहे. तेव्हा पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते का, आणि पेहचान कार्डात मुलांची नावे आहेत का, हे या महिन्यातच पाहा. बापाचा पैसा कापला जातो आणि मुलाचे नाव मात्र कोठेच नाही, असे होऊ देऊ नका.

ज्यांच्याजवळ कोणतेच कार्ड नाही, त्यांनीही निराश होऊ नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. जन्मतः हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, बहिरेपणा असे काही आढळल्यास पुढील उपचार विनामूल्य करून देण्याची त्यात सोय आहे. त्या दिवशी मुलाला सोयाबीन कापणीला नेऊ नका, शाळेत पाठवा. इंदूरला एम. वाय. इस्पितळ आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय ही सरकारी इस्पितळे आहेतच.

आता मुख्य मुद्दा. योजना कुटुंबाला मिळते, पण इस्पितळाच्या खिडकीवर नाव विचारतात ते मुलाचे. अमेरिकेत १९९७ साली अशाच मधल्या घरांतील मुलांसाठी सरकारी विमा निघाला. आईबाप कष्ट करतात, अगदी निराधार नाहीत, पण खासगी विमा परवडत नाही, अशी ती घरे. तेथेही पुढे असे दिसून आले की विम्याविना राहिलेल्या मुलांपैकी बरीच मुले खरे तर पात्र होती. त्यांची नावेच कोणी नोंदवली नव्हती. श्रीमंत देशात हे घडते, तर आपल्या खेड्यांत घडायला किती वेळ?

म्हणून पुढील कामे आजारपण येण्याआधीच उरकून घ्या.

१. मूल जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव घालायला आपण विसरत नाही. पण तो दाखला येथे चालत नाही. पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला लागतो.

२. समग्र परिवार आयडीत मुलाचे नाव चढवा. परिवाराचा क्रमांक ८ आकडी असतो आणि प्रत्येक माणसाचा ९ आकडी. नव्या सुनेचे नाव माहेरच्या परिवारातच राहिले असेल, तर ते आधी इकडे आणा.

३. मुलाचे आधार काढा. पाच वर्षांखालील बाळाला ठसे लागत नाहीत, पण ५ व्या आणि १५ व्या वर्षी ते द्यावे लागतात.

४. सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख एकसारखी ठेवा. एका कागदावर ‘जोसेफ’ आणि दुसऱ्यावर ‘युसुफ’ असले की काम अडते.

५. मग प्रत्येक मुलाचे आयुष्मान कार्ड करून घ्या. कार्डासाठी पैसे लागत नाहीत.

हे सारे एक-दोन दिवसांचे काम आहे. शेतातली कामे थोडी हलकी असताना ते उरका. मध्यरात्री तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेऊन, कागद कोठे ठेवले ते शोधण्याची पाळी कोणावर येऊ नये. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर एवढेच विचारा, “दादा, तुमच्या सगळ्या मुलांची नावे कार्डात आहेत ना?” ‘नाही’ म्हणाले, तर त्यांच्याबरोबर जा.