मिन्नेरियाचा तलाव

श्रीलंकेच्या सफरीस निघालेला प्रवासी बहुधा समुद्राच्या ओढीने जातो. परंतु त्या बेटाचे मर्म जाणावयाचे तर किनारा सोडून उत्तर-मध्य भागातील कोरड्या मुलखात शिरले पाहिजे. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच. उरलेले महिने साठविलेल्या पाण्यावर काढावयाचे. म्हणूनच त्या मुलखाचा इतिहास हा मुख्यतः तलावांचा इतिहास आहे. सिंहली भाषेत तलावास ‘वॅव’ म्हणतात. आपल्या ओळखीचा ‘वापी’ हा शब्दच तो.

मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन राजाने बांधविला. एवढ्या पाण्याचा लोट मोरीतून एकदम सुटला तर बांधच फुटावयाचा. यासाठी सिंहली कारागीर बांधात ‘बिसोकोटुव’ नावाची चौकोनी दगडी विहीर बांधीत. पाणी आधी तीत उतरून आपला जोर गमावी आणि मग बेताने पाटाला लागे. महासेनास तेथील शेतकरी ‘मिन्नेरी देवियो’ म्हणून पुढे देवासारखे भजू लागले, यात नवल ते काय!

जवळच पोलोन्नरुवा ही जुनी राजधानी आहे. चोळांनी तेथून राज्य केले. १०७० साली विजयबाहूने त्यांना घालविले. आणि पराक्रमबाहूच्या कारकिर्दीत (११५३ ते ११८६) ती कळसास पोहोचली. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रास मिळू नये, असा या राजाचा निर्धार होता, असे चूलवंस सांगतो. गल विहारात एकाच खडकात बुद्धाच्या मूर्ती कोरल्या आहेत. त्यांतील निद्रिस्त मूर्ती सुमारे १४ मीटर लांब असून, डोक्याच्या भाराने उशी किंचित दबलेली दिसते. दगडात एवढे मार्दव क्वचितच आढळते. येथे पादत्राणे काढावी लागतात. मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे तर अनादरच समजतात. अवशेष झाले तरी ते भाविकांचे पूजास्थान आहे, हे पाहुण्याने विसरू नये.

ऑगस्ट-सप्टेंबरात भातशेतीसाठी पाणी सोडल्याने मिन्नेरियाचा तलाव आटतो आणि उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते. त्या गवतासाठी भोवतालच्या रानांतून दोनशे-तीनशे हत्ती जमतात. पिल्ले मध्ये घेऊन चालणारे ते कळप पाहण्यास प्रवाशांची रीघ लागते. १९९७ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. म्हणजे हा मेळा निसर्गाइतकाच पाटबंधाऱ्यांचाही आहे.

आणि म्हणूनच तो नाजूकही आहे. २०१८ मध्ये मोरगहकंद धरण भरले. त्यानंतर काही वर्षी ऐन उन्हाळ्यातही तलावात पाणी येत राहिले, गवत बुडाले, आणि भुकेले हत्ती शेतांकडे वळले. शेतकऱ्यास पाणी हवे, हत्तीस गवत. दोघांचीही मागणी रास्तच. अलीकडे श्रीलंकेत या झगड्यापायी वर्षाला शेकडो हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकतात. पाणी केव्हा व किती सोडावे हे ठरविताना हत्तींचाही विचार व्हावा, असे वन्यजीवांचे अभ्यासक सांगतात.

सायंकाळी प्रवाशांच्या जीपगाड्या परततात, तेव्हा शेत राखणारा मचाणावर चढत असतो. रात्रभर जागे राहण्यासाठी गावयाची ‘पॅल कवी’ नावाची जुनी गाणी सिंहली भाषेत आहेत. एका मचाणावरून सूर निघाला की दुसऱ्या मचाणावरून त्याला उत्तर येई.