जुन्या मोटारीचे दिवे

‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. अशा मोटारी जपणाऱ्यांना विजेचे दोष फार छळतात. १९६२ साली निघालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्यात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत, धन टोक सांगाड्याला जोडलेले असे आणि वीज डायनॅमो पुरवी.

दिल्लीतील धुक्यात पुढचे दिवे मंद पडले, की मालक डायनॅमोला दोष देतो. गर्दीत एंजिन संथ चालताना डायनॅमो वीज कमी देतो, हे खरे. तथापि दोष पुष्कळदा गंजलेल्या सांध्यात असतो. ६० वॅटचे दोन दिवे सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी एक व्होल्ट वाया जातो.

दिवे लावून, दिव्याची सांगाड्याकडील तार आणि बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ शून्य असावे. नसल्यास सांधे घासून घट्ट करावेत. त्यानंतर रिले बसविल्यास दिव्यांचा प्रवाह जुन्या बटणातून जात नाही.

अल्टरनेटर हा शेवटचा उपाय होय. १९६७ च्या अखेरीस उत्पादकांनीच तो स्वीकारला. परंतु तेव्हा ऋण टोक सांगाड्याला जोडण्यात आले. जोडणी उलट राहिल्यास त्यातील डायोड जळतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्यासाठी तिचे मूळ रूप टिकलेले असावे लागते. म्हणून प्रथम सांधा घासावा. यंत्र बदलण्याचा विचार त्यानंतर.