फाशांवर भाजलेली पोपटी

रोल-प्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत बोलत रचलेली गोष्ट. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, बाकीचं जग सूत्रधार सांभाळतो आणि पात्राला एखादी गोष्ट साधली की नाही, हे बहुधा फासा ठरवतो. 1974 मध्ये आलेल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने हा प्रकार रुजवला. त्याचे बरेचसे नियम लढाईचे. त्यामुळे गोष्टीत पाककलेची स्पर्धा आली की सूत्रधाराची पंचाईत होते. सगळ्यांनी एकेकदा फासा टाकायचा आणि मोठा आकडा जिंकला, ही सर्वांत सोपी वाट; आणि सर्वांत बेचवही.

स्पर्धेला गाव आणि पदार्थ ठरलेला असला की प्रसंगात जीव येतो. समजा, रायगड जिल्ह्यातलं रेवस बंदर, जानेवारी महिना आणि पदार्थ पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. तेल नाही, पाणी नाही. झाकण उघडून बघायची सोयही नाही, आणि खेळाला नेमकी हीच गोष्ट हवी असते.

इथे फासा तीनदा पडतो: जिन्नस मिळवताना, आच राखताना आणि मडकं उतरवायची वेळ साधताना. वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा जास्त म्हणजे यश, असं धरलं तर एका फाशात निम्मी शक्यता सपशेल फसण्याची. तीन फाशांत तिन्ही फसण्याची शक्यता आठात एक, तिन्ही साधण्याचीही तेवढीच. उरलेल्या सहा वेळा काहीतरी जमतं, काहीतरी बिघडतं. गोष्ट तिथेच घडते. तिसरा फासा सूत्रधाराने लपवून टाकावा. पोपटी झाली का, हे बघायला खेळाडूने ‘मडक्यावर पाणी शिंपडतो’ म्हटलं, तर चर्र आवाज आला की नाही, एवढंच सांगावं.

परीक्षकांच्या आवडीनिवडी आधीच ठरवून ठेवाव्यात आणि धक्क्यावर चौकशी करणाऱ्याला त्या कळू द्याव्यात. घड्याळाचं काम भरती-ओहोटीवर सोपवावं: परीक्षकांना मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच गाठायची आहे. निकाल लागला की प्रसंग लांबवू नये. पाणी ओसरलं की लाँच धक्क्याला लागणं अवघड होतं.