मासा लागतो, पण हाती का येत नाही?
रावस आणि चोणकासाठी गरीची योग्य निवड

गरीने मासे धरणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हटकून कानी पडते : ‘मोठा लागला होता, पण सुटला.’ मांडवी आणि जुवारीचा काठ असो, शापोरा नदीचे मुख असो की खाजनाच्या बांधावरील मानशीजवळची जागा असो, सुटलेल्या माशाची कथा सगळीकडे सारखीच असते. दोष बहुधा नशिबाला, भरती-ओहोटीला किंवा तंगुसाला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा ल्युअरला, म्हणजे कृत्रिम आमिषाला, लटकणाऱ्या गरीत असतो.

गेल्या काही वर्षांत रॉड, रीळ आणि ल्युअर घेऊन मासेमारी करणाऱ्या तरुणांची संख्या गोव्यात वाढली आहे. या साहित्यावर हजारो रुपये खर्च होतात. ल्युअरचा रंग, आकार आणि पाण्यातील चाल यांवर तासन्‌तास चर्चा होते. गरी मात्र कारखान्यातून जशी आली तशीच वापरली जाते. वास्तविक माशाशी थेट गाठ पडते ती गरीचीच.

नावाने सॅमन, स्वभावाने रावस

सॅमन हा थंड प्रदेशातील मासा. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हटले जात असले, तरी दोघांचे कुळ वेगळे आहे. रावसाच्या छातीवरील परांखाली चार लांब तंतू असतात. गढूळ पाण्यात ते चाचपणीच्या कामी येतात. त्याचे नाकाड पुढे आलेले असते आणि तोंड त्याच्या खालच्या बाजूस असते. दात मखमलीसारखे बारीक असले, तरी झुंज लांबली की तंगूस त्यांवर घासून झिजतो.

चोणकाची रीत आणखी वेगळी. तो भक्ष्याचा चावा घेत नाही. आपले प्रचंड तोंड एकाएकी उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. ल्युअर अख्खा तोंडात जातो आणि जबडा मिटतो. मासा वळला, दोरी ताणली गेली की मगच गरी सरकू लागते आणि कोठेतरी रुतते. त्यानंतर चोणक पाण्याबाहेर उडी घेऊन डोके जोराने झटकतो. गरीची खरी परीक्षा याच क्षणी होते.

तिहेरी गरी : लागते अधिक, टिकते कमी

बाजारातील बहुतेक ल्युअरना दोन किंवा तीन तिहेरी गऱ्या असतात. तीन दिशांना तीन टोके असल्याने मासा कसाही झेपावला तरी एखादे टोक लागतेच, हा त्यामागील विचार. तो चुकीचा नाही. ओझरता स्पर्श करणाऱ्या माशाच्या बाबतीत तिहेरी गरी खरोखरच सरस ठरते. तथापि लागणे आणि रुतून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पहिले कारण जोराचे. रिळाचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवण्याची रूढ पद्धत आहे. म्हणजे दहा किलो ताकदीच्या दोरीवर गरी रुतवण्यासाठी फार तर अडीच-तीन किलोचा ताण मिळतो. एकाच टोकावर तो एकवटला तर टोक खोल जाते. दोन टोकांत विभागला गेला तर दोन्ही अर्धवट रुततात.

दुसरे कारण आकाराचे. तिहेरी गरीचा दांडा आणि टोक यांतील अंतर कमी असते. त्यामुळे तिच्या पकडीत थोडेच मांस येते. चोणकाच्या जाड जबड्याला ती वरवर चिकटते. जबड्याच्या कोपऱ्यातील हाडामागे जाऊन अडकत नाही.

तिसरे कारण तरफेचे. तिहेरी गरीची दोन टोके माशाच्या तोंडात वेगवेगळ्या जागी रुतली, तर मासा वळताच एक टोक दुसऱ्याला उखडू लागते. ल्युअरची एक गरी तोंडात आणि दुसरी गालफडाबाहेर अडकली असेल, तर ल्युअरचे सबंध लाकडी किंवा प्लास्टिकचे अंगच पहारीसारखे काम करते. डोक्याच्या दोन-तीन झटक्यांत तार सरळ होते किंवा मांस फाटते.

एकेरी गरीकडे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या चमचा-ल्युअरना लांब टोकाची एकच गरी लावण्याचा प्रघात जुना आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात समुद्रातील सॅमनसाठी बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, नसलेलीच गरी वापरावी लागते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातही समुद्रात सॅमन धरताना एका टोकाची आणि बार्ब नसलेली गरी सक्तीची आहे. तेथे संवर्धन केंद्रात वाढवलेल्या सॅमनच्या पाठीवरील मागचा छोटा पर कापलेला असतो. तो शाबूत असलेला, म्हणजे नैसर्गिक, मासा अनेक ठिकाणी जिवंत सोडून द्यावा लागतो. नियमाचा हेतू माशाचा जीव वाचवणे हा आहे. परंतु एकच मोठी गरी खोल रुतली की झुंजीत ती सहसा सुटत नाही, हा अनुभवही त्या नियमाबरोबर येतो.

चोणकासाठीही हेच तत्त्व लागू पडते. तिहेरीच्या जागी मोठ्या फटीची, जाड तारेची एकेरी गरी आली, तर झेपांपैकी काही वाया जातील. लागलेल्या माशांपैकी काठावर येणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढेल. हिशेब झेपांचा न ठेवता हाती आलेल्या माशांचा ठेवला, की हा व्यवहार फायद्याचा दिसू लागतो.

बदल करताना घ्यायची काळजी

गरीच्या क्रमांकांची रीत नवख्याला गोंधळात टाकते. १, २, ४, ६ अशा क्रमाने गरी लहान होत जाते. १/०, २/०, ३/० अशा क्रमाने मोठी होते. २ क्रमांकाच्या तिहेरी गरीऐवजी साधारणतः १/० किंवा २/० ची एकेरी गरी बसते. हा केवळ अंदाज. अंतिम निकष वजनाचा. काढलेल्या आणि लावलेल्या गरीचे वजन शक्य तितके सारखे असावे. फार हलकी गरी लावल्यास ल्युअर अतिरेकी डोलतो, फार जड लावल्यास त्याची चाल मरते. नवी गरी लावलेला ल्युअर काठाजवळच्या उथळ पाण्यात ओढून पाहावा आणि पूर्वीसारखी चाल दिसली तरच पुढे जावे.

गरीच्या नेढ्याकडेही लक्ष हवे. साध्या गरीचे नेढे तिच्या बाकाला आडवे असते. ती ल्युअरच्या कडीत अडकवली तर टोक एका बाजूला कलते. यासाठी बाकाच्याच रेषेत नेढे असलेल्या ‘इनलाइन’ गऱ्या मिळतात. त्या न मिळाल्यास एकाऐवजी दोन कड्या जोडूनही टोक सरळ आणता येते.

पोटाखालील गरीचे टोक पुढे, ल्युअरच्या तोंडाकडे असावे. ल्युअर ओढला जाताना गरी मागे झुकते आणि तिचे टोक खाली उघडे राहते. टोक शेपटीकडे ठेवल्यास तेच पोटाला चिकटून झाकले जाते. शेपटीच्या गरीचे टोक वर असावे, म्हणजे ते तळाच्या दगडांत आणि खारफुटीच्या मुळांत कमी अडकते. दोन गऱ्या एकमेकींपर्यंत पोहोचणार नाहीत, इतके अंतर मात्र राखावे.

तार, धार आणि गंज

तारेची जाडी हा जुना प्रश्न आहे. हेन्री सुलिव्हन थॉमस या ब्रिटिश अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये आपल्याच किनाऱ्यावरील मंगळुरात प्रसिद्ध झाले. आज मध्य प्रदेशाचा राज्यमासा असलेला महसीर हा त्या काळच्या इंग्रज शौकिनांचा आवडता मासा. महसीरच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. तोंडाची पकड मात्र इतकी बळकट की विलायती सॅमनसाठी घडवलेल्या गऱ्या त्यापुढे टिकत नसत. तेव्हापासूनचा धडा असा की, गरी माशाप्रमाणे निवडावी. तथापि जाड तार रुतवायला जोरही अधिक लागतो. हलका रॉड आणि बारीक दोरी असेल तर मध्यम तारेचीच गरी योग्य. खांबांजवळ किंवा मुळांजवळ चोणक आणि तांबोशीला बळाने ओढून काढायचे असेल, तेथे जाड तारेला पर्याय नाही.

धार तपासण्याची सोपी युक्ती आहे. गरीचे टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढावे. ते घसरले तर बोथट, नखात अडले तर धारदार. दगडाला किंवा पुलाच्या खांबाला घासलेली गरी प्रत्येक वेळी तपासावी. बारीक कानशीने टोकाकडे हलके हात मारल्यास धार परत येते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ल्युअर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवूनच डबीत ठेवावेत. एक गंजलेली गरी शेजारच्या चार गऱ्या बिघडवते. गरीइतकीच तिला जोडणारी कडीही मजबूत हवी. उघडलेल्या कडीमुळे ल्युअर परत येतो, मासा गरी घेऊन जातो.

मोठा मासा का सोडावा?

या साऱ्या निवडीला आणखी एक, अधिक गंभीर बाजू आहे. चोणक आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे त्याचे रूपांतर मादीत होते. रावसातही हाच क्रम आढळतो. याचा अर्थ, ज्या भल्यामोठ्या माशासोबत छायाचित्र काढण्याची हौस असते, तो बहुतांशी अंडी घालणारी मादी असतो. असे मासे एकामागून एक संपत गेले तर उरतात ते लहान नर. चोणकाची पिल्ले खाड्यांत आणि खाजनांत वाढतात. त्या पिल्लांची संख्या या माद्यांवरच अवलंबून असते.

मोठा मासा सोडायचा ठरवला, तरी तो सोडल्यावर जगेल की नाही, हे बरेचसे गरीवर ठरते. दोन तिहेरी गऱ्यांची सहा टोके डोळ्यात, कल्ल्यांत रुतलेली असतील, तर ती काढेपर्यंत मासा अर्धमेला होतो. जबड्याच्या कोपऱ्यात बसलेली एकेरी गरी पकडीने काही क्षणांत निघते. पकडीने दाबून बार्ब सपाट केला असेल तर आणखी लवकर. बार्ब नसताना दोरी सैल सोडायची नाही, एवढेच पथ्य पाळावे लागते. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यावा आणि शक्यतो पाण्यातच गरी काढावी.

माणसाच्या हातालाही हाच लाभ. काठावर आणलेला चोणक अखेरचा झटका देतो, तेव्हा तिहेरी गरीचे मोकळे टोक धरणाऱ्याच्या बोटात शिरते आणि मासा दुसऱ्या टोकाला तडफडत राहतो. बार्ब आत गेला असेल तर ओढाताण न करता डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

ज्यांना एकदम सगळे बदलणे धोक्याचे वाटते, त्यांनी एकाच ल्युअरवर प्रयोग करावा. महिनाभर वहीत तीन आकडे लिहावेत : झेपा किती, लागले किती, हाती आले किती. दुसऱ्या महिन्यात त्याच ल्युअरला एकेरी गरी लावून पुन्हा तेच आकडे मांडावेत. आपल्या जागेला आणि आपल्या माशाला कोणती गरी मानवते, याचा निर्णय त्या वहीतून आपोआप मिळेल.