चौकी ते चौकी

युद्ध म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर चकमक उभी राहते. तोफांचा धडाका, शिखरावर फडकलेला ध्वज आणि वीरचक्राचा सोहळा. परंतु सैनिकाच्या आयुष्यातील चकमकीचे क्षण मोजके असतात. त्याचे बहुतेक दिवस एका तळावरून दुसऱ्या तळावर जाण्यात, तेथे पथारी पसरण्यात आणि हुकूम येताच ती पुन्हा गुंडाळण्यात सरतात. या वाटचालीला इतिहासात जागा मिळत नाही. सियाचेनच्या हिमनदीवर मात्र ही वाटचाल हीच खरी लढाई आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

१३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि सत्तर किलोमीटरहून अधिक लांबीच्या या हिमनदीवर आपल्या चौक्या उभ्या राहिल्या. तेथे जाणाऱ्या जवानाला शत्रूच्या आधी हवेशी समझोता करावा लागतो. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, अशा टप्प्यांनी शरीराला विरळ हवेची सवय लावली जाते. येथे घाई केली तर फुप्फुसांत पाणी साचते, आणि मग धडधाकट तरुणही काही तासांत दगावू शकतो.

नुब्रा खोऱ्याच्या टोकाशी, हिमनदीच्या मुखाजवळ तळछावणी आहे. तेथे बर्फाच्या भिंती चढण्याचे शिक्षण घेऊन तुकडी वरच्या चौक्यांकडे निघते. निघण्यापूर्वी ‘ओपी बाबां’च्या स्थानी वर्दी द्यायची आणि परतल्यावर पुन्हा द्यायची, असा तेथील रिवाज आहे, तो सर्व धर्मांचे जवान पाळतात. मग सारे जण एकाच दोराला ठरावीक अंतराने बांधून घेतात. बर्फाच्या पातळ थराखाली शेकडो फूट खोल भेगा दडलेल्या असतात. एकाचा पाय गेलाच तर इतरांनी दोर ताणून त्याला तोलून धरावयाचे असते. ऊन चढले की बर्फ मऊ होऊन कडे ढासळू लागतात, म्हणून पुष्कळदा रात्री किंवा भल्या पहाटेच चालावे लागते. सामान वाहण्यास लडाखी हमालांचीही मदत असते. देशाच्या कृतज्ञतेत त्यांचा वाटा फार क्वचित पडतो.

मुक्कामी पोचल्यावरही विसावा नसतो. पाणी म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. त्याच रॉकेलची काजळी श्वासावाटे छातीत जाते. उघड्या हाताने बंदुकीच्या पोलादाला स्पर्श झाला तर कातडी सोलून निघते. भूक मरते, झोप तुटते, आंघोळ महिनोन् महिने घडत नाही. सुमारे तीन महिन्यांनी मुदत संपली की त्याच वाटेने, त्याच दोराला बांधून, खाली उतरावयाचे असते.

नोव्हेंबर २००३ मधील शस्त्रसंधीनंतर येथील तोफा बहुतांशी शांत झाल्या. मृत्यू मात्र थांबले नाहीत. पहिल्या तीन दशकांत येथे आपले साडेआठशेहून अधिक जवान कामी आले. त्यांत गोळीपेक्षा हिमाचे बळी अधिक होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये पलीकडच्या बाजूस गयारी येथील पाकिस्तानी तळ असाच गाडला जाऊन १४० जणांचा अंत झाला होता. हिमाला सीमा कळत नाही.

अशा ठिकाणी शौर्याइतकेच महत्त्व बुटांना, चष्म्यांना आणि शिध्याला असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेलेला अहवाल या दृष्टीने मननीय होता. बर्फातील बूट वेळेवर खरेदी न झाल्याने जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले आणि शिध्यातील पर्यायी पदार्थ किंमत पाहून दिल्याने उष्मांक घटले, असे त्यात नमूद होते. ही स्थिती मागील वर्षांतील असून नंतर सुधारणा झाल्याचे लष्कराने सांगितले. तसे असेल तर समाधानच आहे. परंतु कार्यालयातील एखादी फाइल टेबलावर महिनाभर रेंगाळली तर तिची किंमत १८,००० फुटांवर कोणाच्या तरी बोटांनी मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

सातारा, कोल्हापूरच्या कित्येक गावांतून पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. त्यांच्या घरच्यांना या वाटेचे मोल कोणी शिकवावयास नको. शिकावयाचे आहे ते आपण. स्वातंत्र्यदिनी शाळाशाळांतून हुतात्म्यांचा जयजयकार होतो, तो योग्यच आहे. परंतु हौतात्म्याचा गौरव करणाऱ्या समाजावर ते टाळता येईल तेथे टाळण्याची जबाबदारीही येते. सैनिकाविषयीच्या आदराची परीक्षा घोषणांच्या आवाजावर होत नसते. एका चौकीवरून दुसरीकडे निघालेल्या जवानाच्या पायांत नवा बूट आणि पाठीवर पुरेसा शिधा आहे किंवा नाही, यावर ती होत असते.