फौजेच्या कागदावर अविवाहित!

नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून आपली पोरे फौजेत जातात. बाबासाहेबांच्या सततच्या मागणीनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तो अभिमान आपण मिरवतो, मिरवायलाच हवा. पण जवान गेल्यावर त्याच्या बायकोची फाईल कुठे अडते, हे कोण पाहतो?

मुखेडकडची एक भगिनी आमच्याकडे आली. लग्न विहारात, बौद्धाचार्यांसमोर, त्रिशरण-पंचशील घेऊन झालेले. अख्ख्या वस्तीने फुले टाकलेली. नवऱ्याने मात्र ते युनिटला कळवलेच नव्हते. त्यामुळे फौजेच्या कागदावर तो अविवाहित! पेन्शनचा अर्ज परत आला.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. नाव आम्हालाही खटकते, पण रूढीप्रमाणे झालेले लग्न तो वैध मानतो. म्हणजे लग्न खरे आहे, अडले आहे ते पुराव्यावर. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे गावात ग्रामसेवकाकडे नोंद होते. नवरा-बायको आणि तीन साक्षीदार हजर हवेत. नवराच गेल्यावर हजर कोण राहणार? मग पत्नी असल्याचे जाहीर करून घेण्यासाठी दिवाणी दावा, तारखा आणि उधारी.

ही रक्कम किरकोळ नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के विशेष कुटुंब पेन्शन. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना आला तर वेतनाइतकी. आणि ही कुणाची इस्टेट नव्हे. कुटुंब पेन्शन मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. विम्याचे पैसे नॉमिनीच्या हाती पडतात, ती गोष्ट वेगळी. घरोघरी भांडण लागते ते या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

सासरचे म्हणतात, दिराशी लग्न कर, पैसा घरात राहील. सासऱ्यांना काय बोलावे? सरकारचाच नियम तसा होता! शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद, दिराशी केल्यासच चालू. ही अट निघायला २०१७ साल उजाडले. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या लेकींना तरी हा सल्ला कुणी देऊ नये.

नोंद झाल्यावर लग्नाचा दाखला युनिटला द्यायचा. तिथून 'पार्ट टू ऑर्डर' निघते, मग रेकॉर्ड ऑफिसात बायकोचे नाव चढते. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असेल, तर तेही तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये नांदेडला आहेत, लातूरलाही आहेत. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

सुट्टीवर आलेला जवान विहारात भेटला, की जय भीम झाल्यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पार्ट टू ऑर्डर निघाली का?