काळा घोडा आणि वऱ्हाडचा कापूस

मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा हा परिसर आज कलादालने, दुकाने आणि कॅफे यांसाठी प्रसिद्ध आहे. एके काळी तेथील दगडी इमारतींची रया गेली होती. मोडकळीला आलेली पेठ पुन्हा कशी उभी राहते, हे आपण वऱ्हाडातल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे. कारण उद्या अमरावतीच्या जवाहर गेटजवळ किंवा अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरात हाच प्रश्न येणार आहे.

तिथे घडले ते असे. 1995 साली मुंबईत वारसा-इमारतींचे नियम लागू झाले. यादीतली इमारत मालकाला मनमानेल तशी पाडता येईना. 1998 साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, 1999 पासून कलामहोत्सव भरू लागला आणि त्यातला पैसा इमारतींच्या दुरुस्तीकडे वळला. नियम, संस्था आणि पैसा हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा माणसे आली. माणसांमागून दुकाने आली.

पण ही पेठ मुळात उभी कशावर राहिली? 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात पोचली आणि इथला कापूस मुंबई बंदराकडे धावू लागला. मुंबईत पैसा खेळू लागला, किल्ल्याचा तट पडला आणि पुढच्या काळात तेथे मोठमोठ्या इमारती झाल्या. माझा बाप रुईच्या गाठी वाहणारा हमाल. त्या इमारती मी प्रथम पाहिल्या, तेव्हा मला त्याच्या मानेवरचा घट्टा आठवला. तेथल्या पाट्यांवर देणगीदारांची नावे आहेत. कापूस पिकवणाऱ्याचे आणि गाठ वाहणाऱ्याचे नाव मला दिसले नाही.

याच परिसरातल्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बाबासाहेब 1912 साली बी. ए. झाले. म्हणून ही जागा आपल्याला परकी नाही. ज्या पुतळ्यावरून परिसराला नाव पडले, त्यावर इंग्रजांचा राजा बसला होता. 1965 साली तो पुतळा राणीच्या बागेत हलवला. नाव मात्र लोकांनी सोडले नाही. 2017 साली तेथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. राजा गेला तरी जागेचे नाव लोकांच्या तोंडी टिकते, हे ध्यानात घ्यावे.

अमरावतीत 13 नोव्हेंबर 1927 रोजी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. नाटकाच्या जागेत माणुसकीच्या हक्काची भाषा बोलली गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारले, तर कुणालाच ती जागा सांगता आली नाही. मलाही ती शिक्षक झाल्यावर कळली.

वारसायादी कायम होण्यापूर्वी लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी आपण गप्प बसलो, तर वाडे आणि देवळे यादीत येतील. परिषदेची जागा, हमालांचा अड्डा, चांभाराची बैठक राहून जाईल. पेठ रंगवली गेली, की पहिला धक्का पदपथावर पोट भरणाऱ्याला बसतो. म्हणून विद्यार्थ्यांनी आजच वही घ्यावी, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि कोणत्या चौकात कोण बसत होते, कोणती सभा कुठे झाली, हे लिहून काढावे. मी माझ्या बापापासून सुरुवात केली आहे.